टाकीवर चढलेले एकतीस

१

फट सहा सेंटिमीटर रुंद होती. तिने पर्समधली पट्टी काढून दोनदा मोजली. दप्तरखान्यातल्या तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, तेरा आणि पंधरा नंबरच्या फायलींमध्ये ती फट पडली होती आणि पंधरा नंबर तिच्याकडे कलायला लागली होती. पुरती कलली नव्हती. जाड पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेली फाईल शेजारचा आधार गेला की सावकाश झुकते आणि एका दिवसात पलीकडचीच्या खांद्यावर डोकं टेकवते. ही अजून दोन बोटं दूर होती.

"आज सकाळीच गेलीय," ती म्हणाली. "काल गेली असती तर पंधरा नंबर आत्तापर्यंत तेरावर रेलली असती."

दप्तरदाराने कपाळावर हात मारला. "बाई, नऊला मी स्वतः कुलूप काढलं. एरवी या कपाटाकडे झुरळसुद्धा फिरकत नाही. आजच सगळ्यांना पुळका आला!"

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"नियोजनवाले साहेब आले, नकाशा हवा म्हणून. मोजणीची ताई आली, कोरे तक्ते न्यायला. तपासनीस काका आले, पाणी प्यायला. खालचं पाण्याचं यंत्र बिघडलंय म्हणाले. आणि चौथ्या तुम्ही." तो हसला. "तुमची झडती घेऊ का?"

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हसू आवरलं.

शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागाची ती चौदा वर्षं प्रमुख होती. त्याआधी दोन वर्षं तिने संख्याशास्त्र शिकवलं होतं. कचेरीत तिच्या पाठीमागे तिला घड्याळबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता.

गेलेली फाईल चौदा नंबरच्या लाइनीची होती. गेल्या महिन्यात त्या लाइनीवर आठवडाभर प्रवासी मोजले होते. प्रत्येक फेरीत, प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले, त्याचे मूळ तक्ते त्या फायलीत होते. उद्या अकराला मार्ग समितीची बैठक होती. नियोजन अधिकाऱ्याचा प्रस्ताव होता, की चौदा नंबरने टेकडीला घातलेला फेरा काढून टाकायचा, लाइन सरळ करायची. फेऱ्यावरचे सात थांबे कायमचे बंद. मोजणीचा गोषवारा मात्र त्याच्या विरुद्ध गेला होता. परतीच्या गाड्यांना फेऱ्यावर भरपूर माणसं दिसत होती. त्याचा विश्वास बसला नाही. मूळ तक्ते टेबलावर ठेवा, असं त्याने कालच लेखी मागितलं होतं.

मोठ्या साहेबांनी फोनवर चार वाक्यांत विषय संपवला. "मूळ कागद नाहीत तर मोजणी नाही. मोजणी नाही तर प्रस्ताव मंजूर. उद्या सात थांबे जातील. तुमचं खातं आहे, तुम्ही बघा."

"बघते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर टकटकत राहिला.

त्या सात थांब्यांपैकी सर्वांत वरच्या, टाकीच्या थांब्यासमोर तिची मावशी राहत होती. आई गेल्यावर तिला वाढवलेली, आता बहात्तर वर्षांची, काठी घेऊन चालणारी मावशी.

तिला एकदम आठवण झाली. कुठलीही मोजणी आली की त्यातला एक तक्ता डोळे मिटून उपसायचा, त्याची नक्कल काढायची आणि पडताळायची, ही तिची जुनी सवय. या वेळीही नक्कल काढली होती. पडताळणी मात्र राहून गेली होती. तीन आठवडे तो कागद तिच्या खणात पडून होता.

जिना उतरताना ती जवळजवळ धावलीच. खण ओढला, कागद काढला. बुधवार, परतीची गाडी, बारा चाळीस. तिने बोट खालून वर नेलं. मोजणीच्या तक्त्यावर थांबे जाण्याच्या क्रमाने छापलेले असतात. परतीची फेरी खालून वर भरतात. बोट टाकीच्या ओळीवर थांबलं.

टाकी. चढले: एकतीस.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच होता. आणि परतीची गाडी टाकीवर जातच नव्हती. अकरा वर्षं झाली होती.

२

खोटे आकडे ओळखायची तिची एक रीत होती. मनाने आकडे लिहिणारा माणूस शून्याला भितो. तो लागोपाठ दोनदा तोच आकडा लिहीत नाही. त्याचे आकडे इस्त्री केल्यासारखे असतात.

या तक्त्यात अकरा होते आणि लगेच पुढच्या थांब्यावर पुन्हा अकरा. एका ठिकाणी शून्य, त्याखाली शून्य, मग सात. चढलेले आणि उतरलेले यांचा मेळ शेवटच्या थांब्यापर्यंत बसत होता, फक्त एक माणूस जास्त उरत होता. आणि खऱ्या मोजणीत एखादा माणूस नेहमी उरतोच, कारण कोणीतरी दाराच्या गर्दीतून निसटतं. हे आकडे कोणाच्या डोक्यातून आलेले नव्हते. कोणीतरी गाडीत बसून ते मोजले होते.

खरी माणसं, न जाणाऱ्या गाडीत. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत बसली, परत उठली.

नियोजन अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतभर नकाशा होता आणि चौदा नंबरवर लाल पेन्सिलीची सरळ रेघ. तिशीतला हा माणूस तीन वर्षांपूर्वी आला होता. बोलताना घड्याळ बघायचा.

"फाईल मी घेतली, असं म्हणायला आलात ना?" त्याने खुर्ची दाखवली. "बसा. आणि सांगा, मी का घेईन?"

"कागद नसले की तुमचा प्रस्ताव मंजूर होतो."

"तो तसाही होणार आहे. बाई, मी तीनदा त्या परतीच्या गाडीने आलोय. फेऱ्यावर माशा मारत बसलो होतो. तुमच्या गोषवाऱ्यात म्हणे फेरीला साठ माणसं! ती काय टपावर बसली होती? मला मूळ तक्ते हवेत, कारण ते खोटे आहेत हे मला चारचौघांत दाखवायचंय. चोरून मी माझंच हत्यार कशाला लपवू?"

तिने हातातला कागद घडी घालून धरला होता. "टाकीच्या थांब्याबद्दल काय म्हणणं आहे तुमचं?"

"वरचा तो? जाताना लागतो. येताना नाही."

"येताना का लागत नाही?"

त्याने खांदे उडवले. "मार्गच तसा आहे. पहिल्यापासून."

पहिल्यापासून तसा नव्हता, पण ते या माणसाला ठाऊक नव्हतं. टाकीवरचे एकतीस त्याने लिहिलेले असणं शक्य नव्हतं. आणि असा कागद त्याच्या हाती लागला असता तर त्याने तो लपवला नसता, मोठा करून भिंतीवर लावला असता.

ती दाराशी गेली तेव्हा तो मागून म्हणाला, "बाई, एक विचारू? सगळ्या लाइनींची पडताळणी तुम्ही आठवड्यात करता. या एकाच लाइनीचे कागद तीन आठवडे कसे पडून राहिले?"

तिने दार लावलं आणि मोजणीच्या ताईला शोधायला खाली गेली.

३

मोजणीची ताई तळमजल्यावर पाण्याच्या यंत्रापाशी बाटली भरत होती. धार जोरात पडत होती. कंत्राटावर लागलेली, पंचविशीतली मुलगी. बाईंना बघून तिने नळ बंद केला आणि बाटलीचं झाकण तिसऱ्या प्रयत्नात लावलं.

"हे यंत्र दुरुस्त कधी झालं?"

"बिघडलं कुठे होतं, मॅडम? सकाळपासून इथलंच पाणी पितोय आम्ही."

बाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चौदा नंबरच्या परतीच्या फेऱ्या तू मोजल्यास?"

मुलीने आधी मान हलवली, मग तिचे डोळे भरले. "मॅडम, मला काढू नका. पोरगी तीन वर्षांची आहे. दुपारी बाराला पाळणाघर बंद होतं, सासूबाई सांभाळत नाहीत. सकाळी जाण्याच्या फेऱ्या मोजायच्या, दुपारी परतीच्या, असं ठरलं होतं. मी फक्त जाण्याच्या मोजल्या. शेवटच्या थांब्यावरून घरी जायची."

"आणि परतीच्या?"

"पहिल्या दिवशी मी परतीचे तक्ते कोरेच ठेवले होते. म्हटलं, उद्या रडून सांगेन. सकाळी येऊन खण उघडला तर सगळे भरलेले. रोज तसंच. आठवडाभर."

"कोणी भरले?"

"मला वाटलं, तुम्हीच!" ती खरोखर आश्चर्याने म्हणाली. "आकडे तुमच्यासारखेच होते. कुठे खाडाखोड नाही, सरळ ओळीत. म्हटलं, बाईंना माझी दया आली आणि त्यांनी माणूस पाठवला असेल. तुम्हाला कसं विचारणार? तुमच्याशी बोलायची छाती होत नाही कोणाची."

"का बरं?"

"तुम्ही घड्याळ बघून बोलता."

बाईंना हसावं की रागवावं ते कळेना. "आज दप्तरखान्यात गेली होतीस तेव्हा फाईल होती जागेवर?"

"होती. साडेनऊला. त्या कपाटाला हात लावायचं धाडस नव्हतं, पण बघून घेतलं. उद्या कागद टेबलावर येणार म्हटल्यावर मला रात्रभर झोप नव्हती. आणि मॅडम..." तिने आवाज खाली आणला. "मी बाहेर पडले तेव्हा जिन्यावर कोणीतरी वर येत होतं. पायरीगणिक थांबत."

"कोण?"

मुलीने तोंडावर हात धरला. "मी वळून नाही पाहिलं. माझंच मन खात होतं ना."

४

उत्तर तिच्या डोळ्यांसमोर आलं होतं, पण कारण सापडत नव्हतं. आणि कारणाशिवाय तिला उत्तर मान्य नव्हतं. दोन वाजता ती चौदा नंबरमध्ये चढली.

शहरातली ही सर्वांत जुनी लाइन. त्रेपन्न वर्षांपूर्वी दोन गाड्यांवर सुरू झाली, आगारापासून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकी बांधणारे मजूर तिने नेले, मग टाकी चालवणारे कामगार, मग त्यांची बायकामुलं. टाकी हा तेव्हा शेवटचा थांबा होता. पुढे वस्ती टेकडीपलीकडे उतरली तशी लाइनही उतरली आणि टाकी मधला थांबा झाली. अकरा वर्षांपूर्वी ओढ्याचा पूल खचला. परतीची गाडी सहा महिन्यांसाठी अर्ध्या उतारावरून वळवली. टेकडीवरचे सहा थांबे राहिले, टाकी तेवढी सुटली. पूल पाच महिन्यांत दुरुस्त झाला.

गाडी चढ चढत होती. तिच्यासकट नऊ प्रवासी. ती सवयीने मोजत होती आणि मोजताना पाय हलवत होती.

मावशी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. "आज कुठे वाट चुकलीस गं? घड्याळ बंद पडलं की काय?"

"मावशी, बारा-चाळीसच्या परतीच्या गाडीला इथून एकतीस माणसं चढत असतील का?"

"आत्ता? आत्ता इथून एक कावळासुद्धा चढत नाही. तुझी गाडी मला घरी आणून सोडते, घराबाहेर काढत नाही. दवाखान्यात जायचं तर शहाण्णव पायऱ्या उतर, नाहीतर आधी उलट्या दिशेने शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि तिथून फिरून ये. तासभर जातो. मी आपली जात नाही."

"दवाखान्यात जात नाहीस?"

"महिन्यातून एकदा जाते. दोनदा जायला सांगितलंय." मावशीने शेंग फोडली. "आणि तू माझ्याकडे असं बघू नकोस. तुला मी किती वेळा सांगितलं? तू म्हणतेस, बघते. मी म्हणते, बघ बाई."

तिने पुढची शेंग स्वतःच उचलली. बोटांना काहीतरी हवं होतं. "आणि पूर्वी? बारा-चाळीसला?"

"पूर्वी मुलींची शाळा होती ना! साडेबाराला घंटा. काय किलबिल असायची! कंडक्टर दारात उभा राहून ओरडायचा, दप्तरं पोटाशी धरा, दप्तरं पोटाशी! येणं गाडीने व्हायचं, जाणं बंद झालं, तशा खालच्या मुलींनी नावं काढली. तीन वर्षांत शाळा उठली."

"शाळा त्यामुळे उठली?"

"मग काय भुतांनी उठवली?"

ती उठून दारात गेली. समोर शाळेच्या फाटकाला गंजका साखळदंड होता. पलीकडून एक बाई पिशवी आणि मूल घेऊन पायऱ्या उतरायला लागली होती.

म्हणजे आकडे खरे होते. माणसं खरी होती. फक्त ती गेल्या महिन्यातली नव्हती. शाळा उठून आठ वर्षं झाली, गाडी बंद होऊन अकरा. ते एकतीस त्याच्याही आधी चढले होते. आणि त्याआधीची चौदा नंबरची मोजणी एकच, बारा वर्षांपूर्वीची.

तिने दप्तरदाराला फोन लावला. "बारा वर्षांपूर्वीचे मोजणीचे तक्ते कुठे असतील?"

"ते? लगद्याला गेले, बाई. दहा वर्षं झाली की जुने कागद नष्ट करायचा नियम आहे. दोन वर्षांपूर्वी ट्रक भरून गेले."

"कोणासमोर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला, आणि मग दप्तरदाराचा, जरा उतरलेला. "सही आहे, बाई. तपासनीस काकांची."

५

तपासनीस काकांची खोली आगाराच्या कोपऱ्यात होती. साडेपाच वाजले होते, दुपारपाळीच्या गाड्या आत येत होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर खिडकीची काच थरथरत होती. काका चौदा नंबरवर कंडक्टर म्हणून लागले होते. गुडघा गेल्यापासून ते टेबलावर असत. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मोजणी कशी करायची हे तिला त्यांनीच शिकवलं होतं: दाराकडे बघायचं, माणसाकडे नाही.

"या बाई," ते म्हणाले. "उशीर केलात. मला वाटलं जेवणाच्या सुट्टीतच याल."

"खालचं पाण्याचं यंत्र चालू आहे, काका."

"हो. दुसरं काही सुचलं नाही. खोटं बोलायची सवय नाही ना."

"दुखऱ्या गुडघ्याने दोन मजले चढलात."

"उतरताना जास्त त्रास झाला. फाईल जड आहे." त्यांनी टेबलाखालून सुतळी बांधलेली फाईल काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने हात लावला नाही.

"लगद्याला जाणाऱ्या ट्रकमधून तुम्ही जुने तक्ते काढून ठेवलेत. त्या मुलीचे परतीचे तक्ते कोरे पडलेत हे तुम्ही पाहिलंत आणि जुने आकडे नव्या कागदावर उतरवलेत. इतकं मला कळलंय. पण तुम्ही चौदा नंबरवर आयुष्य काढलंत. परतीची गाडी टाकीवर जात नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? ती ओळ तुम्ही चुकून लिहिणार नाही."

"नाही."

"मग का लिहिलीत? कोणीही बघितलं असतं तर पहिल्या नजरेत पकडलं असतं."

"कोणीही नाही. बाकीचे गोषवारा बघतात. मूळ तक्ता काढून बघणारं माणूस या कचेरीत एकच आहे." काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठला कागद उपसाल ते मला माहीत नव्हतं. म्हणून सगळ्या कागदांवर टाकी भरली. म्हटलं, दोन दिवसांत बाई तणतणत येतील, काका, हे काय आहे म्हणून. तीन आठवडे वाट बघितली. तुम्ही आला नाहीत. काल नियोजनातल्या त्या पोराने मूळ कागद मागितले. ते उद्या उघडले असते तर पहिला बळी त्या मुलीचा. म्हणून उचलली."

बाहेर एक गाडी आली, काच थरथरली. ती उभीच होती.

"सरळ येऊन बोलता आलं असतं, काका."

"बोललो होतो." ते शांतपणे म्हणाले. "तीन टिपणं दिली. पूल झाला तेव्हा एक, शाळा उठली तेव्हा एक, आणि गेल्या वर्षी एक. परतीची गाडी टाकीवरून पूर्ववत करावी. तिन्हींवर तुमचा एकच शेरा आहे. योग्य वेळी पाहू."

तिला ते शेरे आठवत होते. शाईचा रंगसुद्धा.

"सात मिनिटं लागतात," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "टाकी घेतली तर फेरी सात मिनिटांनी वाढते. साठ मिनिटांची सदुसष्ट होते. चार गाड्या, बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी, प्रत्येक थांब्यावर दर तासाला ठरलेल्या त्याच मिनिटांना. लोकांना कागद न बघता वेळ पाठ असते. असा तक्ता दुसऱ्या कुठल्या लाइनीचा नाही. टाकी सुटली म्हणून तो बसला. पूल झाल्यावर मी पुन्हा मांडून पाहिलं. बसत नव्हता."

"सुरेख तक्ता आहे," काका म्हणाले. "मी नवीन कंडक्टरांना दाखवतो."

त्यात कुठे टोमणा होता का, ते तिने शोधलं. नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"एक सांगू?" त्यांनी फायलीची सुतळी सोडली, आतून एक पिवळा पडलेला, कडा झिजलेला तक्ता काढला. "तुम्ही उपसलेली नक्कल कुठल्या फेरीची?"

"बुधवार. बारा चाळीस."

"हा तिचा मूळ. बारा वर्षांपूर्वीचा. खाली सही बघा."

तिने कागद उजेडात धरला. टाकी, चढले एकतीस. मोजणाऱ्याची सही तिची होती.

"माणसं कमी होती म्हणून तुम्ही स्वतः गाडीत बसलात. दप्तरं मध्ये येत होती म्हणून दोनदा मोजलंत," काका म्हणाले. "मी दारात होतो. ओरडून घसा बसला होता माझा."

तिला त्यातली एकही मुलगी आठवेना. दाराकडे बघायचं, माणसाकडे नाही. ती किती चांगली शिकली होती!

"उद्या मी सांगणार आहे, कागद मी भरले," काका म्हणाले. "त्या मुलीचं नाव घेऊ नका, एवढं करा. आणि तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याच्याने आणखी टिपणं लिहवत नाहीत."

६

रात्रभर तिने कूस बदलली. सकाळी साडेआठलाच ती कचेरीत होती. अकराला समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती नऊ माणसं बसली होती. नियोजन अधिकाऱ्यापुढे लाल रेघेचा नकाशा, काकांपुढे फाईल, आणि तिच्यापुढे काहीच नाही. तिला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

काका उभे राहिले. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागला. "परतीच्या फेऱ्यांचे तक्ते मी भरले. बारा वर्षांपूर्वीचे आकडे आहेत ते. फाईलही मीच नेली होती. दुसऱ्या कोणाचा हात नाही."

खोलीत कुजबुज उठली. नियोजन अधिकाऱ्याने टेबलावर थाप मारली. "बघा! मी म्हणत होतो, टपावर बसली होती का माणसं? साहेब, मोजणी बाद. प्रस्ताव मंजूर करायला आता काय हरकत आहे?"

मोठे साहेब काकांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा शरम जास्त होती. "चार महिने राहिले होते तुमचे. बसा खाली. तुमचं काय करायचं ते नंतर बघू." ते तिच्याकडे वळले. "बाई, तुमचं काही म्हणणं?"

ती उठली.

"मोजणी बाद आहे, हे बरोबर. पण प्रस्तावही बाद होतो."

"तो कसा?" नियोजन अधिकारी म्हणाला.

"हंगामी मार्गावरून कायमचा बदल ठरवता येत नाही. नियम तुम्हाला पाठ आहे."

"हंगामी? चौदा नंबर कुठे हंगामी आहे?"

"अकरा वर्षं आहे." तिने श्वास घेतला. "टाकीचा परतीचा थांबा ओढ्याच्या पुलासाठी सहा महिने बंद केला होता. तो हुकूम माझा. पूल झाला, हुकूम उठला नाही. दर सहा महिन्यांनी कागद माझ्या टेबलावर येतो आणि मी मुदत वाढवते. एकवीस वेळा वाढवली. तपासनीसांची तीन टिपणं माझ्याकडे पडून आहेत. तुम्ही गाडीत माशा मारत बसलात, ते खरं आहे. फेरा रिकामा आहे. तो मी रिकामा केलाय."

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"का पण?" त्यांनी विचारलं. ते खरोखरच समजून घ्यायला विचारत होते.

"तक्ता छान बसत होता म्हणून."

नियोजन अधिकाऱ्याने नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा सूर जरा खाली आला. "बाई, टाकी घेतली तर पाचवी गाडी लागेल. ती आहे कुठे?"

"पाचवी गाडी नको. चारच. पंधराऐवजी सतरा मिनिटांनी."

"सतरा! ते कोणाच्या लक्षात राहणार? शहरातला एकच पाठ होणारा तक्ता तुम्ही स्वतः मोडणार?"

"हो. थांब्याथांब्यावर कागद चिकटवू. मी लावीन. लोक मला शिव्या देतील, त्या रास्त असतील. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, दोन्ही बाजूंनी. तेव्हाही फेरा रिकामा निघाला तर तुमच्या रेघेवर पहिली सही माझी."

मोठ्या साहेबांनी बाजूला बसलेल्या लेखनिकाला खूण केली. "तुमचा निर्णय सरळ शब्दांत सांगा, बाई. नोंदीत घालायचाय. आणि या वेळी 'बघते' नको."

ती टेबलाला हात टेकून उभी होती. काका खिडकीबाहेर बघत होते, आगारातून सुटणाऱ्या गाडीकडे. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"लिहा," ती म्हणाली. "ओढ्याच्या पुलासाठी केलेला हंगामी बदल आज रद्द. चौदा नंबरची परतीची गाडी उद्या सकाळच्या पहिल्या फेरीपासून टाकीवरून येईल."